पोटरीतली गुठळी आणि संध्याकाळची सूज

या वेळी आलेल्या पत्रांत पायातल्या रक्ताच्या गुठळीबद्दलची तीन पत्रं निघाली. एक वर्तकनगरहून, एक नेरुळहून, एक कळव्याहून. तिन्ही एकत्र घेते आहे. पहिल्याला सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण त्याच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, आणि ती वाचल्यावर मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ३८ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. यंदा गणपतीला कुडाळजवळ सासरी जायचं होतं आणि पाळीची तारीख नेमकी चतुर्थीलाच येत होती. म्हणून यांनी घराजवळच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. दिवसाला तीन, अशा बारा दिवस घेतल्या. खोपटहून रात्रीच्या एसटीनं निघालो. माणगावला गाडी दोन तास अडकली, घरी पोचायला सोळा तास लागले. मी एकदाच खाली उतरले. वाटेत बाथरूमची सोय नसते म्हणून पाणीही मुद्दाम कमी प्यायले होते. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. सासूबाईंनी मायेनं कोमट तेल लावून चोळून दिली. ठाण्याला परत आलो तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता. फॅमिली डॉक्टरांनी त्याच दिवशी डॉपलरला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला, पाठवलं. डाव्या मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरेत गुठळी निघाली. आधी पोटात इंजेक्शनं झाली, मग रिव्हरॉक्सबॅन ही रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोन वेळा, आता २० मिलिग्रॅमची रोज एक.

आठ आठवडे झाले. परवा पुन्हा डॉपलर केलं, तर रिपोर्टमध्ये ‘रेसिड्युअल थ्रॉम्बस, पार्शियल रिकॅनलायझेशन’ असं आलं आहे. म्हणजे गोळी लागू पडत नाही का? सकाळी पाय बरा असतो, पण शाळेत चार तास उभं राहून आले की घोटा सुजतो. पोटरीत जरा चमक आली की घाम फुटतो, वाटतं आता ही छातीत जाणार. रात्री सगळे झोपले की मी माझा श्वास मोजत पडते. पाळी आता सात-आठ दिवस चालते आणि खूप जातं, म्हणून गेल्या महिन्यात दोन दिवस मीच गोळी बंद ठेवली होती. ही गोळी किती दिवस घ्यायची? मोजे घालायचे का? चाललेलं चालेल का? आमच्या माहेरी असं कुणाला नाही. माझ्या जन्मानंतर आईचा एक पाय महिनाभर सुजला होता म्हणतात, पण तो बाळंतपणातला वारा म्हणून शेकला होता.
— एक शिक्षिका, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, आधी त्या दोन दिवसांबद्दल बोलू, बाकीचं सगळं नंतर.

गोळी अशी आपणहून बंद ठेवू नका. रिव्हरॉक्सबॅनचा अंमल जेमतेम एक दिवस टिकतो. दोन दिवस गोळी नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी तुमचं रक्त कुठल्याही संरक्षणाशिवाय फिरत होतं, तेही शिरेत अर्धवट गुठळी असताना. तुम्ही घाबरून हे केलंत, आणि त्यात तुमची चूक मला दिसत नाही. ही गोळी घेणाऱ्या अनेक बायकांची पाळी जास्त जाते, आणि ते गोळी सुरू करतानाच सांगायला हवं होतं. तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आता असं करा : या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासा आणि तुमच्या डॉक्टरांना व स्त्रीरोगतज्ज्ञांना, दोघांनाही, किती पॅड लागतात ते आकड्यात सांगा. ‘खूप जातं’ असं म्हटलं की आम्ही डॉक्टर मान डोलावतो. ‘दर दीड तासाला पॅड बदलावा लागतो’ म्हटलं की पेन हातात घेतो. लोह देता येतं, औषध बदलता येतं, गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाचं साधनही तुमच्यासारखीला चालू शकतं. पण रक्तस्राव थांबवायच्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नका. त्या गुठळी टिकवून धरतात.

एखाद्या दिवशी गोळी चुकलीच, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. आणि ही २० मिलिग्रॅमची गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यायची असते. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. संकष्टीला, एकादशीला माझ्याकडे येणाऱ्या बायका चहाच्या घोटाबरोबर ती गिळतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. उपास करायचाच असेल तर त्या दिवशीचं जे मुख्य खाणं असेल, मग ती भगर-आमटी का असेना, त्याच्याबरोबर घ्या.

आता रिपोर्ट. ‘रेसिड्युअल थ्रॉम्बस’ म्हणजे गुठळी अजून थोडी शिल्लक आहे. ‘पार्शियल रिकॅनलायझेशन’ म्हणजे तिच्यातून रक्ताला वाट मिळू लागली आहे. आठ आठवड्यांच्या मानानं हा चांगला रिपोर्ट आहे. घोटाळा होतो तो ‘रक्त पातळ करायची गोळी’ या आपल्या शब्दानं. ऐकणाऱ्याला वाटतं की ही गोळी गुठळी विरघळवते, साखर पाण्यात विरघळावी तशी. तसं होत नाही. ती गुठळी वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही, तिचं काम एवढंच. जुनी गुठळी विरघळवण्याचं काम तुमचं शरीर स्वतः करतं. शिरेच्या अस्तरातून आणि रक्तातून त्यासाठीची द्रव्यं सुटतात आणि ती गुठळी हळूहळू कुरतडतात. त्याला आठवडे लागतात, महिने लागतात, आणि पुष्कळांमध्ये शेवटी थोडा चिवट, खपलीसारखा भाग शिरेच्या भिंतीला चिकटून कायमचा राहतो. तो राहिला म्हणजे उपचार फसला असं नाही. म्हणून लक्षणांत काही बदल नसताना दर महिन्याला डॉपलर करत बसू नका. नवं कळत काहीच नाही, जीव मात्र टांगणीला लागतो.

संध्याकाळच्या सुजेचं कारण वेगळं आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं असतं, आणि ते काम पोटरीचे स्नायू करतात. गावाकडचा हापसा आठवा. दांडा दाबला की पाणी वर येतं आणि आतली झडप ते परत खाली जाऊ देत नाही. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरेतल्या नाजूक झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. गुठळी नेमकी या झडपांशी धरते. ती विरघळताना काही झडपा जाड होतात, काही भिंतीला चिकटतात आणि मग नीट मिटत नाहीत. तुम्ही वर्गात फळ्यापुढे चार तास उभ्या राहता, तेव्हा दांडा कुणी हलवत नाही आणि झडपही गळते. पाणी घोट्याशी साचतं. रात्री आडवं झालं की उतरतं. खोल शिरेत गुठळी होऊन गेलेल्यांपैकी पाचात एकाला, काही अभ्यासांत निम्म्यांना, अशी सूज, जडपणा, घोट्याभोवती काळसर डाग असं काही ना काही दीर्घकाळ राहतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. २००९ साली माझा डावा घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर होतं. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर आवळतंय असं वाटू लागलं. मला वाटलं, सूज असेल, उतरेल. मी स्वतः डॉक्टर, तरी पंधरा दिवस काढले. प्लास्टर कापलं तेव्हा पोटरी उजवीपेक्षा चार सेंटीमीटर जाड निघाली. माझ्या वेळी आजच्या गोळ्या नव्हत्या. पोटात हेपरिनची इंजेक्शनं, मग सहा महिने वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी, आणि सुरुवातीला दर चार दिवसांनी रक्ततपासणी. गोळी थांबली तरी सूज दीड वर्ष येत-जात होती. आजही संध्याकाळी डाव्या चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागतो. पण त्याच पायानं मी गेली पंधरा-सोळा वर्षं रोज सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या मारते आहे.

आणि रात्री श्वास मीही मोजले आहेत, ताई. छातीवर हात ठेवून, घड्याळाचा काटा बघत. मला कुठली गोष्ट धोक्याची आणि कुठली नाही हे सगळं पाठ होतं, तरीही. तेव्हा तुम्हाला ‘उगीच घाबरता’ असं मी म्हणणार नाही. मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. घरातली शिवणाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथून खाली १० सेंटीमीटरवर पेनानं खूण करा आणि दर रविवारी सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी, दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहा. मधल्या दिवसांत मोजायचं नाही. मनाला शंका आली की कॅलेंडर बघायचं. आकडा स्थिर असेल किंवा कमी होत असेल तर ती चमक जुन्या दुखण्याचीच आहे. बऱ्या होणाऱ्या शिरेत अशी ओढ, चमक, मुंग्या कित्येक महिने येतात.

गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती खरी आहे. पण तो धोका सर्वांत जास्त असतो तो उपचार सुरू होण्याआधी आणि सुरुवातीच्या दिवसांत, गुठळी ताजी व ठिसूळ असताना. आठ आठवड्यांनी ती भिंतीशी घट्ट धरलेली असते आणि वर गोळीचा पहारा असतो. गोळी चुकवली नाही तर हा धोका आता फारच कमी आहे. तरीही काही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, आणि ती दिसली तर विचार करत बसायचं नाही, थेट १०८ ला फोन करायचा : अचानक धाप लागणं, खोल श्वास घेताना छातीत सुई टोचल्यासारखं दुखणं, खोकल्यातून रक्त, बसल्या जागी नाडी धडधडणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं. पायाची सूज एकाएकी वाढली आणि रात्री झोपूनही उतरली नाही, मांडी घट्ट झाली, रंग निळसर दिसू लागला, तर त्याच दिवशी पुन्हा डॉपलर. आणि गोळीमुळे : डांबरासारखी काळी शी, लालसर लघवी, डोक्याला मार बसल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दाखवायला जाच.

चालायचं. चाललेलं चालेल असं नाही, चालायलाच हवं. तुम्हाला उपवन तलाव जवळ आहे. सकाळी गर्दी कमी असताना एक फेरी मारा, आठवड्यानं दोन. सुरुवातीला पाय जड वाटेल. थोडं चालून पोटरी मोकळी झाली की बरं वाटेल. वर्गात दर तासाला दहा-पंधरा वेळा टाचा वर उचला, मुलं वहीत लिहीत असतील तेव्हा बाकांमधून हिंडा, आणि मधल्या सुट्टीत पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवा. तो हापशाचा दांडा हलवत राहायचा. घरी आल्यावर अर्धा तास आडवं पडून पाय छातीच्या पातळीपेक्षा वर, दोन उशांवर. मुख्याध्यापकांकडे बसायला एक उंच स्टूल मागा, लाजू नका. तेलानं चोळणं मात्र नको. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनी जे केलं ते आपल्या प्रत्येक घरात करतात. पण पोटरी एकाच बाजूची, कारण नसताना दुखते आणि सुजते आहे, अशा वेळी तेल-शेक नाही, आधी डॉक्टर, हे त्यांनाही सांगून ठेवा. उद्या वाडीतल्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

दाबाच्या मोज्यांबद्दल आमचंच मत बदललं आहे. पूर्वी आम्ही प्रत्येकाला दोन वर्षं मोजे घालायला लावायचो, त्यानं पुढचा त्रास टळतो असं समजून. कॅनडा-अमेरिकेत सुमारे ८०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खरे मोजे आणि दिसायला तसेच पण दाब नसलेले मोजे यांत काही फरक पडला नाही. म्हणून आता सक्ती करत नाही. पण तुम्ही उभं राहून काम करता. मोजे घालून संध्याकाळचा जडपणा कमी होत असेल तर जरूर घाला. गुडघ्यापर्यंतचे पुरतात. माप घोट्याचं आणि पोटरीचं सकाळी घेऊन आणा, अंदाजानं ‘मीडियम’ आणू नका. पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी चढवा, झोपताना काढा. मे महिन्यात ठाण्याच्या घामात ते नकोसे होतील, तेव्हा नाही घातले तर काही बिघडणार नाही.

आता ती शेवटची ओळ. तुमच्या जन्मानंतर आईचा एक पाय महिनाभर सुजला होता. ‘माहेरी असं कुणाला नाही’ असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढे हे लिहिलंत. बाळंतपणानंतर एकच पाय सुजणं ही अनेकदा खोल शिरेतली गुठळीच असते. त्या काळी डॉपलर सहज होत नसे, वारा म्हणून शेकलं, आणि देवाच्या दयेनं त्या निभावल्या. मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण ही माहिती तुमच्या डॉक्टरांपर्यंत पोचलेली नसणार, आणि ‘गोळी किती दिवस’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. कमीत कमी तीन महिने तर कुणालाही घ्यावी लागते. गुठळीचं कारण तात्पुरतं असेल, जसं ऑपरेशन, प्लास्टर, किंवा तुमच्या त्या गोळ्या आणि सोळा तासांची एसटी, तर बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत थांबवता येते. पण रक्त लवकर गोठण्याचा कल घराण्यातून आला असेल, तर पुढचं सगळं वेगळ्या पद्धतीनं ठरवावं लागतं. त्यासाठी प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन, फॅक्टर फाइव्ह लायडन अशा तपासण्या असतात. त्याचं पॅकेज कुणी आत्ताच करायला सांगितलं तर थांबा. गुठळी ताजी असताना आणि गोळी चालू असताना त्यांतल्या काही तपासण्यांचे आकडे फसवे येतात. कधी आणि कोणत्या करायच्या हे रक्तविकारतज्ज्ञांना विचारून ठरवा. आईंना फोन करून विचारा : कुठला पाय, कितव्या दिवशी, पुढे त्या पायावर काळे डाग राहिले का, नंतर गर्भपात झाले होते का. बहीण असेल तर तिलाही हे सांगा.

दिवस राहू नयेत याची काळजी गोळी चालू असेपर्यंत घ्या, कारण ही गोळी गर्भाला चालत नाही. मूल हवं असेल तर आधी सांगा, तेव्हा इंजेक्शनांवर आणता येतं. मात्र इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तुम्हाला कायमच्या वर्ज्य.

आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही. यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, आणि ते फक्त तुमच्याशी नाही. या गोळ्या नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाच्या असतात. एवढ्या मात्रेत घेतल्या की त्यांतला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेननं रक्त गोठण्याकडे झुकतं. निरोगी बाईनं चार-सहा दिवस घेतल्या तर बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणूनच त्या इतक्या निर्धास्तपणे दिल्या-घेतल्या जातात. पण वजन जास्त असेल, आई-मावशीला गुठळीचा इतिहास असेल, नुकतं बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, लांबचा प्रवास असेल, तर एकेक धोका दुसऱ्यावर चढतो. हे विचारणारं कुणीतरी मधे हवं. नवरा दुकानात जातो, दुकानदार पट्टी कापून देतो, आणि जिच्या पोटात गोळी जाणार तिला कुणी काहीच विचारत नाही. श्रावण लागला की माझ्याकडे याच गोळीसाठी बायका येतात. मंगळागौर, गौरी, सत्यनारायण, लग्न. मी त्यांना सरळ सांगते की चार दिवस मोदक जाऊबाईंनी वळले, आरतीचं ताट मुलानं धरलं, तर बाप्पा रागावणार नाही. माझी श्रद्धा आहे, आणि तिच्या बळावरच सांगते. तरीही गोळी हवीच असेल, तर आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मग.

प्रश्न : माझं वय ६४, राहणार नेरुळ. डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच पोटरीत गुठळी निघाली. गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले. हिला कुणीतरी सांगितलं की हललो तर गुठळी सुटून हृदयात जाईल, त्यामुळे ती मला बाथरूमपलीकडे जाऊ देत नाही. फिजिओथेरपिस्टलाही येऊ नका म्हणून सांगितलं. गुडघा पुन्हा आखडू लागला आहे. मेहुणे म्हणतात जळवा लावून घ्या, अशुद्ध रक्त निघून जाईल. मुलगा मेलबर्नला असतो, पुढच्या महिन्यात जायचं तिकीट काढलं आहे.

उत्तर : वहिनींची काळजी मला समजते, आणि तिच्यामागे कारणही आहे. मी शिकत होते तेव्हा आम्हीसुद्धा अशा रुग्णाला आठवडाभर पलंगावर खिळवून ठेवायचो. पुढे अभ्यास झाले आणि दिसलं की गोळी नीट चालू असेल तर लवकर चालायला लागल्यानं गुठळी सुटण्याचं प्रमाण वाढत नाही, उलट पायाची सूज आणि दुखणं लवकर उतरतं. पडून राहणं हेच तर गुठळीचं एक मूळ कारण आहे. रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याचं नाव गुठळीच्या तीन कारणांशी जोडलेलं आहे : रक्त मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा, आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल. तुमच्या ऑपरेशनमध्ये तिन्ही एकत्र आली होती. त्यांतलं पहिलं तुम्ही घरच्या पलंगावर पुन्हा निर्माण करू नका. तुमच्या सर्जनला आज फोन करा आणि त्यांच्या होकारानं उद्यापासून फिजिओथेरपिस्टला बोलवा. गुडघा एकदा आखडला की मोकळा करणं फार अवघड जातं. आधी घरातल्या घरात वॉकर घेऊन, मग सोसायटीच्या आवारात, आणि बळ आलं की ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकाठी. वहिनींनाच बरोबर न्या.

जळवा नको. तुमची गुठळी स्नायूंच्या आत, खोल शिरेत आहे, कातडीवरच्या जळवेचं तोंड तिथवर पोचत नाही. शिवाय जळवेच्या लाळेत हिरुडिन नावाचं, रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. एक गोळी पोटात आणि वर हे, तर जखम तासन्‌तास वाहत राहील, तीसुद्धा नव्या सांध्याशेजारी. तिथे जंतुसंसर्ग झाला तर मोठं संकट.

तुम्ही विचारलं नाही, पण मला विचारायचं आहे : गुडघ्याच्या दुखण्यासाठी काय घेता? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, किंवा ‘गुडघ्याची गोळी’ म्हणून घरात पडलेलं काही असेल तर ते बाजूला ठेवा. या गोळ्या आणि रक्त पातळ करायची गोळी मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं. तेवढ्यानं भागत नसेल तर सर्जनला सांगा.

गुठळी निघाल्यावर निदान चार आठवडे तरी मी कुणाला लांबच्या विमानात बसू देत नाही. तुमचं तिकीट त्यानंतरचं असेल, सूज उतरलेली असेल आणि तुमचे डॉक्टर हो म्हणाले, तर जा. कडेची सीट मागा, तासाला उठा, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी प्या. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका, आणि बरोबर प्रिस्क्रिप्शन ठेवा.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे, राहणार कळवा. दोन वर्षांत दोनदा पायात गुठळी झाली. किडनी कमजोर असल्यानं त्यांना वॉरफरिन दिलं आहे. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलं की हे उंदीर मारायचं औषध आहे, तेव्हापासून ते गोळी जिभेखाली लपवतात. आईनं पालेभाज्या पूर्ण बंद केल्या. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) २.४ होता तो ३.९ झाला. डोस कमी केला, तर गौरीच्या जेवणात अळूवड्या खाल्ल्यावर १.६ वर आला. आता घरात जेवणावरून रोज भांडण.

उत्तर : बाबांना खरं काय ते सांगा, लपवू नका. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात कुजलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्यावरून बनलेलं वॉरफरिन १९४८ मध्ये खरोखरच उंदरांसाठी बाजारात आलं, आणि १९५४ पासून ते माणसांना औषध म्हणून दिलं जाऊ लागलं. त्याला आता सत्तर वर्षं झाली. फरक मात्रेचा आहे, आणि ती मात्रा बरोबर आहे की नाही हे बघण्यासाठीच आयएनआर. तो त्यांचा २ ते ३ मध्ये ठेवायचा. मी स्वतः सहा महिने हीच गोळी घेतली आहे, हेही त्यांना सांगा. गोळी लपवून ठेवली तर आकडा खोटा येतो, डॉक्टर त्यावरून डोस वाढवतात, आणि मग एखाद्या दिवशी त्यांनी सगळ्या गोळ्या खरंच गिळल्या तर रक्तस्राव होतो. हा धोका उंदराच्या गोष्टीपेक्षा मोठा आहे.

भाज्यांबद्दल आईंचा हेतू चांगला होता, पण घोटाळा तिथेच झाला. रक्त गोठवणारे घटक बनवायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं. वॉरफरिन त्यातच आडवं येतं. मेथी, पालक, अळू, कोथिंबीर यांत हे जीवनसत्त्व भरपूर असतं. भाज्या बंद केल्या, के कमी झालं, गोळीचा जोर वाढला, आकडा ३.९. मग डोस कमी केला आणि नेमक्या त्याच वेळी अळूवड्या पोटात गेल्या, आकडा १.६. डोस हा माणसाच्या नेहमीच्या जेवणाला बेतून ठरवायचा असतो. औषधासाठी जेवण उलटंपालटं करायचं नसतं. आठवड्यातून दोनदा पालेभाजी खात असतील तर दोनदाच द्या, साधारण तेवढीच, आणि डॉक्टरांना त्यावर डोस बसवू द्या. नवं अँटिबायोटिक, कुठलाही काढा, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल सुरू करायच्या असतील तर आधी विचारा आणि चार-पाच दिवसांनी आयएनआर पुन्हा बघा. फोडणीतला लसूण आणि हळद चालू द्या.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी, तुमच्यासमोर, पाण्याबरोबर. आणि अळूवड्या आवडत असतील तर बाबांना या रविवारी चार द्या, आणि पुढच्या रविवारीही चारच.